ट्रॅक्टर ओळखताना मी रंग सर्वांत शेवटी पाहतो

आपण विचारले आहे की, ट्रॅक्टर आणि कंबाईन हार्वेस्टर पाहून त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद असलेली माणसे दुरूनच यंत्र कसे ओळखतात, आणि या छंदातल्या कोणत्या आठवणी सांगण्यासारख्या आहेत. मी शाळकरी वयापासून या नोंदी ठेवत आलो आहे आणि माझ्याकडे आता एकवीस वह्या झाल्या आहेत. त्या वह्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटेल, पण मी ती मनापासून सांगतो: यंत्राचा रंग सर्वांत शेवटी पाहावा. बहुतेक जण रंगापासूनच सुरुवात करतात. मीही तशीच केली होती, आणि माझ्या पहिल्या तीन वह्यांतल्या बहुतेक चुका रंगावर विसंबल्यामुळे झालेल्या आहेत.

खरे तर माझी या यंत्रांशी ओळख कानाने झाली, आणि तीही नाइलाजाने. अकरा वर्षांचा असताना माझा पाय मोडला आणि दीड महिना मला प्लास्टरमध्ये पडून राहावे लागले. पलंगाजवळची खिडकी उंचावर होती, त्यामुळे तिच्यातून फक्त आकाश दिसे, पण तिच्या खालून शेतांकडे जाणारा रस्ता होता आणि त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जात-येत. पहिल्या आठवड्यात सगळे आवाज सारखेच वाटले. दुसऱ्या आठवड्यात मला तीन वेगळे ताल ओळखू येऊ लागले, आणि प्लास्टर निघेपर्यंत मी कागदावर नऊ यंत्रांना स्वतःच नावे देऊन त्यांच्या वेळा लिहू लागलो होतो. पाय बरा झाल्यावर रस्त्याच्या कडेला उभा राहून मी एकेक आवाज एकेका यंत्राशी जुळवला. नऊपैकी सात बरोबर निघाले. उरलेली दोन म्हणजे एकच ट्रॅक्टर होता, जो जाताना रिकामी ट्रॉली आणि येताना भरलेली ट्रॉली ओढत असे.

त्या तालांमागे साधे गणित आहे, हे मला नंतर कळले. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच इंधन पेटते. म्हणून तीन सिलिंडर असतील तर दर २४० अंशांनी, चार असतील तर दर १८० अंशांनी आणि सहा असतील तर दर १२० अंशांनी ठोका पडतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके कानाला सुटे-सुटे ऐकू येतात आणि त्यांत एक हलका डौल असतो, तर सहा सिलिंडरचा आवाज जवळजवळ सलग वाहतो. १९६० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या मॅसी फर्ग्युसन १३५ मध्ये तीन सिलिंडरचे पर्किन्स डिझेल इंजिन बसवलेले असे, आणि तो ट्रॅक्टर झाडांच्या रांगेमागून दिसण्याआधीच मला ओळखू येतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॉइट्झच्या जुन्या ट्रॅक्टरांना रेडिएटरच नव्हता, त्यामुळे इंजिनाच्या ठोक्यांवर पंख्याचा एक उंच स्वर चढलेला ऐकू येतो.

आवाजाच्या बाबतीत माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली दोन यंत्रे मी जुन्या यंत्रांच्या एका मेळाव्यात ऐकली. पहिला होता जॉन डिअरचा डी मॉडेल, जो १९२३ पासून १९५३ पर्यंत तयार होत राहिला. त्याचे दोन सिलिंडर आडवे असतात आणि क्रँकचे दोन हात एकमेकांपासून १८० अंशांवर असतात, म्हणून एका ठोक्यानंतर दुसरा लगेच पडतो आणि मग तिसऱ्यासाठी ५४० अंश थांबावे लागते. दोन ठोके, विसावा, पुन्हा दोन ठोके असा तो ताल एकदा ऐकला की आयुष्यभर विसरता येत नाही. जॉन डिअरने १९६० मध्ये डॅलस येथे चार आणि सहा सिलिंडरच्या नव्या पिढीचे ट्रॅक्टर लोकांपुढे आणले आणि त्या तालाचे युग संपत आले, तरी त्याच्यावर जीव टाकणारी माणसे आजही ती इंजिने चालू स्थितीत राखून आहेत.

दुसरे यंत्र होते जर्मनीतल्या मानहाइम येथील लान्झ कंपनीचा बुलडॉग. १९२१ मध्ये आलेल्या या ट्रॅक्टरचा अभियंता फ्रिट्झ हूबर याने एकच मोठा आडवा सिलिंडर आणि दोन स्ट्रोकचे इंजिन निवडले. त्यात स्पार्क प्लग नव्हता; सिलिंडरच्या टोकाचा लोखंडी गोळा आधी ब्लोलॅम्पने तापवावा लागे आणि त्या उष्णतेवर इंधन पेटे. मेळाव्यात एका वयस्कर गृहस्थांनी जवळजवळ दहा मिनिटे तो गोळा तापवला, मग स्टिअरिंगचे चाक दांड्यासकट उपसून काढले, ते बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकात, बसवले आणि पुढे-मागे झोके देऊन इंजिन चालू केले. माझ्या पायाखालची जमीन प्रत्येक ठोक्याला हादरत होती. हे इंजिन दोन्ही दिशांनी फिरू शकते, आणि ते अगदी मंद करून उलट्या दिशेला झुकवले की ट्रॅक्टर मागे चालू लागतो, हेही त्यांनी मला करून दाखवले. मी त्या दिवशी वहीत एकच नोंद केली, पण ती चार पाने भरली.

आवाजानंतर आकार पाहावा, आणि आकार पाहताना हा भाग असाच का आहे, असे स्वतःला विचारावे. जुन्या करड्या फर्ग्युसनचे उदाहरण घ्या. हॅरी फर्ग्युसन याने नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढण्याऐवजी तीन बिंदूंवर जोडला: खाली दोन दांडे आणि वर एक. नांगराला जमिनीचा विरोध वाढला की वरचा दांडा पुढे दाबला जातो, तो दाब हायड्रॉलिकच्या झडपेपर्यंत पोहोचतो आणि नांगर आपोआप किंचित वर उचलला जातो. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. त्याआधीच्या हलक्या ट्रॅक्टरांचा नांगर दगडात अडकला की पुढची चाके हवेत उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याची भीती असे, आणि फोर्डचा फोर्डसन हा ट्रॅक्टर त्यासाठी कुप्रसिद्ध होता. फर्ग्युसनच्या जोडणीत तोच विरोध वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरचे पुढचे टोक खाली दाबून धरतो. म्हणूनच तो इतका लहान आणि हलका असूनही नांगरू शके. आज जगभरच्या ट्रॅक्टरांच्या मागे तीच तीन बिंदूंची जोडणी दिसते, आणि ती पाहिली की मला दर वेळी त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते.

फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ मध्ये केवळ हात मिळवून करार केला, आणि १९३९ मध्ये फोर्डचा ९एन हा करडा ट्रॅक्टर त्या जोडणीसह बाजारात आला. पुढे हा करार मोडला, फोर्डने १९४७ मध्ये ८एन काढला, आणि त्यावरून झालेला खटला १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर देऊन मिटला. दरम्यान इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचे पाच लाखांहून अधिक टीई२० तयार झाले. आता गंमत अशी की, ९एन आणि टीई२० हे दोन्ही करडे आहेत, दोन्ही ठेंगणे आहेत आणि शंभर पावलांवरून भावंडांसारखे दिसतात. रंग इथे काहीच सांगत नाही. मात्र टीई२० चे बोनेट पुढच्या जाळीसकट एकसंध पुढे कलते, ९एनचे तसे कलत नाही, आणि हा फरक कळल्यापासून माझी त्यांच्यात गल्लत झालेली नाही. टीई२० विषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: एडमंड हिलरी यांच्या तुकडीने साखळीपट्टे चढवलेले हेच ट्रॅक्टर बर्फावरून चालवत नेले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

रंगाने मला कायमचा धडा शिकवला तो याच घराण्यातल्या पुढच्या ट्रॅक्टरने. एका शेताच्या बांधाशी एक लाल मॅसी फर्ग्युसन ३५ उभा होता आणि त्याचे इंजिन मंद गतीने चालू होते. मी वहीत ‘लाल, ३५’ असे लिहिले आणि पुढे निघालो, पण दहा पावले गेल्यावर कान खटकला. १९५९ पासून या ट्रॅक्टरला तीन सिलिंडरचे पर्किन्स इंजिन मिळू लागले होते, आणि मला ऐकू येत होते ते स्पष्टपणे चार सिलिंडरचे. म्हणजे यंत्र त्याआधीचे होते. आता दोन शक्यता उरल्या, कारण १९५६ मध्ये आलेला पहिला ३५ करडा होता आणि त्याचे इंजिन व गिअरबॉक्स सोनेरी रंगवलेले असत, तर १९५७ च्या अखेरीपासून तोच ट्रॅक्टर लाल-करड्या रंगात निघू लागला. मी परत फिरलो आणि मालकांना नमस्कार करून, जवळून पाहू का, असे विचारले. त्यांनी इंजिन बंद केले आणि स्वतःच चिंधी घेऊन बॅटरीखालची वंगण साचलेली जागा पुसून काढली. वर्षानुवर्षांच्या काळ्या थराखालून आधी लाल, आणि जिथे तो लाल टवका उडाला होता तिथे त्याच्याखाली सोनेरी रंग दिसला. त्यांच्या वडिलांनी कधीतरी सगळा ट्रॅक्टर लाल रंगवून घेतला होता, हे त्यांनाही आठवत नव्हते. आम्ही दोघे कितीतरी वेळ त्या बोटभर सोनेरी ठिपक्याकडे पाहत उभे होतो.

त्यानंतर मी रंगांचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचू लागलो. युद्धकाळात इंग्लंडमध्ये तयार होणारे फोर्डसन नारिंगी रंग सोडून हिरवे झाले, कारण नारिंगी ट्रॅक्टर शत्रूच्या विमानांना शेतात सहज दिसला असता. न्यू हॉलंडचे ट्रॅक्टर निळे आणि हार्वेस्टर पिवळे का, याचे उत्तरही कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत आहे: निळा रंग फोर्डच्या ट्रॅक्टरांकडून आला आणि पिवळा न्यू हॉलंडच्या कापणीयंत्रांचा होता, फोर्डने १९८६ मध्ये न्यू हॉलंड घेतली, १९९१ मध्ये फियाटने त्या एकत्रित कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, तरी दोन्ही रंग टिकून राहिले. याउलट क्लास कंपनीने २००३ मध्ये रेनोच्या ट्रॅक्टर विभागाचा मोठा हिस्सा घेतला तेव्हा नारिंगी ट्रॅक्टर हिरवे झाले. त्या काळातल्या माझ्या वहीत एका हिरव्या ट्रॅक्टरपुढे ‘पूर्णपणे नवे मॉडेल’ अशी मोठ्या उत्साहाने केलेली नोंद आहे. केबिनचे खांब आणि बोनेटचा उतार नीट पाहिल्यावर कळले की, रेनोचा हाच आरेस ट्रॅक्टर मी तीन वर्षांपूर्वी नारिंगी रंगात नोंदवला होता. आणि ग्लीनर हार्वेस्टरला तर पुष्कळ काळ रंगच नव्हता. १९२३ पासूनच्या या यंत्रांचे अंग जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असे, म्हणून ती उन्हात चांदीसारखी दिसतात.

यंत्र समोर नसले तरी काही नोंदी करता येतात. मागच्या टायरवरच्या जाड नक्षीचे टोक जमिनीला आधी टेकते आणि दोन्ही फांद्या नंतर टेकतात, त्यामुळे चिखलातल्या ठशात टोक मागे राहते आणि ज्या दिशेला ठसा उघडतो त्या दिशेला ट्रॅक्टर गेलेला असतो. हवेचे टायर ही गोष्टही एके काळी नवी होती. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्सने आपल्या यू मॉडेलवर ते बसवून दाखवले, त्याआधी बहुतेक ट्रॅक्टरांना लोखंडी चाकेच होती.

आता हार्वेस्टर. माझ्या मते नोंद करणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण त्याचे मुख्य काम पत्र्यांच्या आत चालते. कापणी आणि मळणी एकाच यंत्रात करण्याची कल्पना जुनी आहे: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हायरम मूर याने १८३० च्या दशकात घोड्यांच्या लांबच लांब जथ्याने ओढायचे असे यंत्र बनवले होते. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या हार्वेस्टरला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती टॉम कॅरोल या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने मॅसी-हॅरिससाठी घडवलेल्या यंत्रांनी. १९४४ मध्ये पोलाद आणि मनुष्यबळ दोन्ही तुटपुंजे असताना अशी ५०० यंत्रे अमेरिकेच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे, पीक जसजसे पिकत जाईल तसतशी सरकत गेली आणि त्या एका हंगामात त्यांनी दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्राची कापणी केली.

जुन्या रचनेच्या हार्वेस्टरमध्ये आडवा ड्रम ओंब्या झोडपतो आणि मग काड मागच्या लांब, दातेरी स्ट्रॉ वॉकरवर येते. ते आळीपाळीने वर-खाली होत काड झटकतात आणि अडकलेले दाणे खाली पाडतात. त्यांना लांबी लागते म्हणून यंत्राचे शेपूटही लांब असते, आणि काडेपेटी हलवल्यासारखी एक लयबद्ध खडखड दुरूनही ऐकू येते. १९७५ मध्ये न्यू हॉलंडचे टीआर७० हे दोन लांब रोटरांचे, म्हणजे आत फिरणाऱ्या दंडगोलांचे, यंत्र आले, १९७७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचे एकाच मोठ्या रोटरचे अ‍ॅक्सियल-फ्लो आले, आणि मळणी व विलगीकरण दोन्ही फिरत्या रोटरमध्ये होऊ लागल्यावर ती खडखड नाहीशी होऊन तिच्या जागी खर्जातली सलग घुमघुम आली. मागे पडणारी काडही बदलली. वॉकरचे यंत्र लांब, फुगीर काड सोडते, तर रोटरमधून ती मोडून, चेचून बाहेर पडते. म्हणून हार्वेस्टर निघून गेल्यावर शेतमालकांची परवानगी घेऊन मी मूठभर काड हातात घेऊन पाहतो. उभ्या पिकात मी कधीही पाय ठेवत नाही, आणि चालू हार्वेस्टरच्या मागे कधीही जात नाही, कारण चालकाला तिथला माणूस दिसत नाही.

माझी सर्वांत लाडकी नोंद एका रात्रीची आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस मी रात्री दहाच्या सुमारास गव्हाच्या शेताकडेच्या रस्त्यावर थांबलो होतो आणि समोर अंधारात फक्त दिव्यांची एक रांग सरकत होती. दिव्यांच्या झोतात धूळ इतकी दाट होती की, यंत्राचा आकार कळत नव्हता, मग रंगाची गोष्टच सोडा. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. खडखड कुठेही नव्हती, खालच्या स्वरातली घुमघुम होती, आणि पीक दाट लागले की ती एक पायरी खाली उतरून पुन्हा वर येत होती. मग एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन डावीकडून त्याच्याशेजारी आला, दोघे एकाच वेगाने चालू लागले आणि लांब नळीतून धान्य पडू लागले. आधी रिकाम्या ट्रॉलीच्या पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, मग तो मऊ होत होत जवळजवळ नाहीसा झाला. त्या अंधारात दोन चालकांनी न थांबता राखलेले ते अंतर पाहून मी थक्क झालो होतो.

बाराच्या सुमारास दव पडू लागले. ओलसर काड चिवट होते आणि दाणे सुटेनासे होतात, म्हणून चालकाने काम थांबवले, यंत्र शेताच्या पलीकडच्या टोकाला नेऊन उभे केले आणि दिवे विझवले. मी विजेरीच्या उजेडात वहीत ‘रोटरचे यंत्र, बहुधा एकच रोटर’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि तिथेच गाडीत झोपलो. पहाटे मालक आले तेव्हा मी त्यांना काय करतो आहे ते सांगितले, आणि ते मला स्वतःच शेतात घेऊन गेले. कापलेल्या पट्ट्यात पडलेली काड आखूड, चपटी आणि चेचलेली होती. मी ती मालकांना दाखवली, कारण समजावून सांगितले, आणि त्यांनी ती बोटांत चुरगाळून मान डोलावली. मग हळूहळू उजाडले, धुके उठले आणि शेताच्या टोकाला उभे असलेले यंत्र दिसू लागले. ते अ‍ॅक्सियल-फ्लो होते. मी वहीतले प्रश्नचिन्ह खोडले आणि त्याच्यापुढे शेवटचा शब्द लिहिला: लाल.